पान खाल्लं कुणी?

कुंडीतल्या पानांना भोकं पडली की आपण स्प्रेची बाटली शोधतो. कुंडीत न पेरलेलं काही उगवलं की एक तर उपटून टाकतो, नाहीतर भाबडेपणाने वाढवतो. त्याआधी थोडी हेरगिरी करून बघा!

शनिवारी नर्सरीत जायचं, गाडीची डिकी भरून झाडं आणायची, रविवारी बाल्कनीचे फोटो टाकायचे आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्या झाडांकडे ढुंकूनही बघायचं नाही. शहरातल्या निम्म्या बाल्कन्यांचं हेच टाइमटेबल असतं. मग एक दिवस माझ्या मोबाइलवर फोटो येतो. ‘अगं, तुला झाडांतलं कळतं ना? हे बघ काय झालंय.’ फोटोत एक बिचारी जास्वंद आणि तिच्या शेंड्यावर कापूस पिंजून चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी. मी उत्तर टाइप करेपर्यंत दुसरा मेसेज हजर: ‘कुठलं औषध मारू?’

मला झाडांतलं फार कळतं असं अजिबात नाही. बाणेरमध्ये सातव्या मजल्यावर बावीस कुंड्या आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्यासमोर घालवलेली दहा मिनिटं, एवढंच माझं शिक्षण. पण त्या दहा मिनिटांत एक गोष्ट पक्की कळली. ‘कुठलं औषध?’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ‘हे केलं कुणी?’ आणि गंमत म्हणजे पहिल्याचं उत्तर मिळालं की बऱ्याचदा दुसरा विचारावाच लागत नाही.

बाय द वे, विषाला ‘औषध’ म्हणायची ही आपली सवय मला भारी वाटते. शेतात औषध, नर्सरीत औषध, झुरळांचंही औषध! शब्द इतका सौम्य की बाटली कुठे ठेवली याचाही आपल्याला विसर पडतो.

आमच्या घरी हा विसर परवडणारा नाही. माझी लेक तीन वर्षांची आहे. सकाळी आजीने तुळशीला पाणी घातलं की आजी एक पान तोडून तोंडात टाकते आणि नातही टाकते. धुवायची वगैरे भानगड नाही. मागच्या पावसाळ्यानंतर त्या तुळशीची पानं आकसली, तपकिरी पडायला लागली. मी एका नर्सरीत फोटो दाखवला. तिथल्या माणसाने फोटोकडे नीट बघितलंही नाही. आत गेला आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं पांढरट काहीतरी घेऊन आला. ‘एक झाकण एक लिटरला. सगळ्यावर चालतं.’ लेबल नाही, नाव नाही. मी बाटली तिथेच ठेवून आले.

कीटकनाशक असं सुटं, बिनलेबलचं विकायला आपल्याकडचा 1968 चा कायदा परवानगी देत नाही. प्रत्येक डब्यावर एक रंगीत चौकोन असतो, तो कधी बघितलाय? लाल म्हणजे अतिशय विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजेसुद्धा ‘कमी विषारी’, बिनविषारी नव्हे. त्यातली काही द्रव्यं झाडाच्या आत शिरतात, रसातून पानापानांत पोचतात. अशा झाडाचं पान वरून कितीही धुतलं तरी काय उपयोग? डायक्लोरव्हॉससारख्या, एकेकाळी घराघरांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्यावर आपल्याकडे 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, पण बिनलेबलच्या बाटलीत काय भरलंय हे कुणी सांगायचं? यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर उघड्या रानात. आपली बाल्कनी आठ बाय चार, आणि तिचं दार थेट हॉलमध्ये उघडतं.

असो. तुळशीचा गुन्हेगार सापडला तो पान उलटं केल्यावर. मागच्या बाजूला काळे बारीक ठिपके, आणि त्यात फिरणारे तिळाएवढे किडे, पंखांवर नाजूक जाळी असलेले. हे तुळशीचा रस शोषतात आणि काळे ठिपके ही त्यांचीच घाण. मी आकसलेले शेंडे कापले, पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले आणि पुढचे पंधरा दिवस एक दिवसाआड पानांच्या मागून पाण्याची जोरदार धार मारली. तेवढे दिवस पान खायला बंदी. लेकीने त्यावर बराच गोंधळ घातला. पण नवी फूट स्वच्छ आली.

चावणारे आणि चोखणारे

डिटेक्टिव्हगिरीचा पहिला धडा हाच. पानाला भोक आहे, कड कुरतडली आहे, म्हणजे गुन्हेगाराला जबडा आहे. अळी, नाकतोडा, भुंगा, गोगलगाय. भोक नाही पण पान पिवळं, ठिपक्याठिपक्यांचं, मुडपलेलं, चिकट, म्हणजे गुन्हेगाराकडे स्ट्रॉ आहे! मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल कोळी. फुलकिडे त्यांच्याच गँगमधले, ते खरवडून रस पितात. एवढे दोन गट करता आले तरी निम्मी केस सुटली.

मग बारकावे. गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणी पंचिंग मशिनने कापावा तसा स्वच्छ अर्धगोल तुकडा गायब आहे? ही पानकापी मधमाशी. ती पान खात नाही, तुकडा उचलून घरट्याला अस्तर लावते. गुलाबाचं काही बिघडत नाही, उलट फुलांवर परागीभवनाचं काम तीच करते. तिच्यावर स्प्रे मारणं म्हणजे प्लंबर घरी आल्यावर त्याला चोर समजून बडवण्यासारखं आहे. टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ, जणू एखाद्या पोराने खडूने गिरगिटवलंय? ही नागअळी. ती पानाच्या दोन थरांच्या मध्ये राहते, त्यामुळे वरून साबणपाणी मारलं तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही. रेघेच्या जाड टोकाला ती असते. तिथेच चिमटीत दाबा, नाहीतर पान तोडा. विषय संपला.

मिरचीचं पान मुडपलं की आपल्याकडे ‘बोकड्या आला’ म्हणतात आणि सगळ्याला एकच उपाय करतात. पण पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलंय की खाली, ते बघा. वर वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, उलट्या होडीसारखं खाली वळलं असेल तर कोळी. खात्री करायची असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी टकटक झटका. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली तर ती धूळ नव्हे! एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात हे कोळी फार माजतात. आणि त्यांना सगळ्यात जास्त राग येतो तो पानांच्या मागून मारलेल्या साध्या पाण्याचा.

आता त्या जास्वंदीवरचा कापूस. तो म्हणजे पिठ्या ढेकूण, बाल्कनीतला सगळ्यात चिवट पाहुणा. त्याच्याबद्दल मुंग्यांना विचारा. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर ती झाड खायला नाही, पिठ्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा चाटायला येते. बदल्यात मुंग्या त्याचं रक्षण करतात. त्याच चिकट्यावर मग काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि मंडळी बुरशीनाशक आणायला धावतात. मूळ माणूस मोकाटच! आधी मुंग्यांची वाट अडवा, लडबडलेले शेंडे कापा, बाकीचे जुन्या टूथब्रशने काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर लिक्विड सोप, संध्याकाळच्या वेळी, आधी एकाच पानावर ट्रायल घेऊन. कडुनिंबाचं तेल वापरायचं असेल तर लिटरला पाच मिली, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, आणि फुलांवर नको. दर आठवड्याला, तीन-चार वेळा. कंटाळवाणं आहे, मान्य. जिममध्ये जातो तसं समजा.

हा पिठ्या किती मोठं प्रकरण होऊ शकतं याची कल्पना नसते आपल्याला. पपईवरचा परदेशी पिठ्या 2008 साली कोइम्बतूरला सापडला आणि बघता बघता पपई, तुती, कसावा, जास्वंद यांच्यावर पसरला. त्याला आवरलं कुणी? बंगळुरूच्या सरकारी संस्थेने 2010 साली पोर्तो रिकोहून मागवलेल्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्यांनी. त्या पिठ्याच्या अंगात अंडी घालतात. पुढचं काम अंड्यातून निघालेली पिल्लं करतात.

व्हिलन दिसतो तो हिरो

या केसेसमध्ये माझा आवडता भाग म्हणजे चुकीच्या माणसाला अटक होते तो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला लेडीबर्ड भुंगा सगळ्यांना गोड वाटतो, टी-शर्टवर छापतात. त्याची अळी मात्र बारकुशा मगरीसारखी दिसते, काळी, काटेरी, नारिंगी डागांची. लोक तिलाच आधी चिरडतात. वास्तविक ती दिवसभर मावा फस्त करत असते. त्याहून भारी एक भाऊबंद आहे. 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला, पिठ्या खाणारा भुंगा. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या घेऊन फिरते, अगदी पिठ्यासारखी! फरक एवढाच की ती पिठ्याहून मोठी असते आणि तुरुतुरु पळते. पिठ्या कसला पळतोय? म्हणून कापूस पुसण्याआधी मिनिटभर थांबून बघायचं, कुणी धावतंय का.

आणि मग येतो कढीपत्ता. माझा कढीपत्ता सांगलीहून आईने दिलेल्या रोपाचा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आले तेव्हा एसटीत मांडीवर ठेवून आणलेला. एका ऑक्टोबरात त्याच्या पानांवर पक्ष्याची शीट पडलेली दिसली. चार ठिकाणी. दुसऱ्या दिवशी शीट सहा ठिकाणी, आणि जागा बदललेली! ही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर येणाऱ्या फुलपाखरांची अळी. लहान असताना ती मुद्दाम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लेक तर या खेळावर फिदा झाली.

पण अळ्या नऊ होत्या आणि कढीपत्ता दीड फुटाचा. मोठ्या अळीची भूक काय असते हे बघितल्याशिवाय कळत नाही. एका रात्रीत अख्खी काडी साफ. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईचं झाड आहे. उचलून टाक त्या अळ्या.” लेक म्हणाली, “नाही टाकायच्या.” नवरा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “व्होटिंग घ्या.” महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ते राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन. त्याची अळीही याच कुळातल्या झाडांवर वाढते. माझ्याकडची पाहुणी तीच होती असं मी म्हणणार नाही. पण लिंबू-कढीपत्त्यावरच्या प्रत्येक अळीवर विष मारत सुटायचं आणि मग राज्य फुलपाखराचा अभिमान बाळगायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

सात अळ्या मी सोसायटीच्या मोठ्या लिंबावर सोडल्या, पानासकट, कारण हाताने ओढून काढलं तर त्यांना इजा होते. दोन ठेवल्या. कढीपत्ता बोडका झाला, महिनाभर फोडणीला विकतचा आणावा लागला. एका अळीचा कोश झाला आणि त्यातून फुलपाखरू निघालं, दुसरी नाहीशी झाली. कढीपत्त्याला डिसेंबरात पुन्हा पानं आली. हे झाड तेवढं चिवट असतं. रोप अगदी वीतभर असेल तर मात्र एकही अळी ठेवू नका. सगळ्या हलवा, दया दाखवायला मोठं झाड शोधा.

नाइट शिफ्ट

काही केसेस दिवसा सुटतच नाहीत. पानाला रोज नवं भोक आणि कुंडीत चिटपाखरू नाही, तर पानांखाली मातीवर काळे, मोहरीएवढे दाणे आहेत का बघा. ती अळीची लेंडी. दाणे जिथे पडलेत त्याच्या बरोब्बर वर पाहायचं. तरीही सापडली नाही तर जेवण झाल्यावर, दहा-साडेदहाला, टॉर्च घेऊन या. दिवसभर मातीत दडी मारणाऱ्या अळ्या तेव्हा डिनरला आलेल्या असतात.

चांदीची वाळलेली रेघ दिसली तर गोगलगाय. पावसाळ्यात तळमजल्याच्या बागांमध्ये जी मोठी, तपकिरी शंखाची दिसते ती मूळची आफ्रिकेची. विल्यम बेन्सन नावाच्या शंखप्रेमी इंग्रज साहेबाने 1847 साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. 2022 साली तिच्या फौजेने मराठवाड्यातलं कोवळं सोयाबीन फस्त केलं. तिला उघड्या हाताने उचलू नका, तिच्यातून माणसाला त्रास देणारे जंत येऊ शकतात. ग्लोव्हज घाला आणि पोरांना लांब ठेवा.

आणि हो, कधीकधी गुन्हेगार आपण स्वतः असतो. खालची पानं पिवळी पडून गळतायत, माती कायम ओली आणि वर बारीक चिलटं उडतायत, तर कीड नंतर शोधा. आधी पाणी कमी करा.

हे कोण उगवलंय?

आता दुसरा अर्धा भाग. पाऊस झाला, कंपोस्ट घातलं, की कुंडीत अनोळखी रोपं डोकं वर काढतात. त्यांचा फोटो काढून लगेच ॲपला विचारायची घाई करू नका. पहिली दोन पानं ही बीजपत्रं, म्हणजे बीजातलीच शिदोरी. ती झाडाच्या खऱ्या पानांसारखी नसतातच. टोमॅटो, मिरची, वांगं सगळ्यांची जवळपास सारखी. खऱ्या पानांची पहिली जोडी आली की चेहरा दिसायला लागतो. तेव्हा मागे पांढरा कागद, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. ॲप जरा शहाण्यासारखं बोलेल.

स्वयंपाकघरातून आलेली ओळखणं सोपं. जाड, मोठी, लांबट गोल दोन पानं म्हणजे भोपळा-काकडीची मंडळी. कातरलेलं पान आणि चुरडल्यावर तो ओळखीचा वास म्हणजे टोमॅटो. गुळगुळीत कडेचं, बिनवासाचं म्हणजे बहुधा मिरची. मात्र विकतच्या हायब्रीड टोमॅटोच्या बीतून तसेच टोमॅटो येतील अशी अपेक्षा ठेवू नका. ती लॉटरी आहे.

उरलेल्यांसाठी माझी एक्सपर्ट म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, सातारा जिल्ह्यातल्या. मी एकदा कुंडीतून लालसर दांड्याचं, जाड पानांचं ‘तण’ उपटत होते.

“ताई, घोळ हाय ती. फेकताय कशाला?”

“खायची?”

“मग! बेसन पेरून भाजी करत्यात.” मग त्यांनी शेजारच्या कुंडीतलं, मातीला चिकटून पसरलेलं तसंच एक रोप मोडलं. त्यातून पांढरा चीक आला. “ही न्हाई. दूध निघालं तर खायचं न्हाई.”

घोळ आणि दुधीतला फरक मला इतक्या थोडक्यात कुणीच सांगितला नव्हता. टाकळाही त्यांनीच दाखवला, तीन जोड्यांची पानं, रात्री मिटणारी. बाकी माझा नियम सरळ आहे. जाणकार माणसाने हातात धरून ओळखलं नसेल, तर तोंडात घालायचं नाही. ॲपच्या भरवशावर तर मुळीच नाही.

कारण त्याच जुलैत विकतच्या मातीच्या पोत्यातून दोन दणकट रोपं आली. आईंना वाटलं वांगी. पाणी घालायला सुरुवातही झाली. मला पान फार नितळ वाटलं, वांग्याच्या पानाला खालून मऊ लव असते. ग्लोव्हज घालून पान चुरडलं तर नको तो वास. मावशींनी दुरूनच सांगितलं, “धोतरा.” त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया तर फारच. पान तोडून तोंडात टाकायची सवय असलेली लेक घरात. त्याच दुपारी दोन्ही रोपं मुळासकट काढली.

गाजर गवताचंही तसंच. कोवळं असताना ते गाजर, शेवंती काहीही वाटू शकतं. 1956 साली त्याची नोंद झाली ती आपल्या पुण्यातूनच, आणि मग ते देशभर गेलं. कितीतरी लोकांना त्याने अंगावर पुरळ, खाज, शिंका येतात. फुलं यायच्या आत, ग्लोव्हज घालून उपटा.

आणि पिंपळ. एसीच्या आउटडोअर युनिटखालच्या फटीत पक्ष्यांच्या कृपेने उगवलेला, लांब शेपटीच्या पानांचा, सुंदर. आई म्हणाल्या, पिंपळ उपटू नये. सेक्रेटरी म्हणाले, तोडा, नाहीतर मुळं भिंत फोडतील आणि सहाव्या मजल्यावर लीकेज जाईल. दोघंही बरोबर! वरून कापला तर फटीतल्या मुळातून तो पुन्हा फुटतो, म्हणून लहान असतानाच काढायला हवा. मी फट दोन दिवस ओली ठेवली, मग चमच्याच्या दांड्याने खरवडत बहुतेक मुळं बाहेर काढली आणि फट सिमेंटने बुजवून घेतली. रोप महिनाभर कुंडीत राहिलं आणि पावसात सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, भिंतीपासून चांगलं लांब लागलं. आता त्याला अकरा पानं आहेत. परवा बघितलं तर दोघातिघांच्या कडा कुरतडलेल्या, खाली मातीवर काळे दाणे. आज रात्री टॉर्च घेऊन जाणार आहोत, मी आणि लेक.